स्टेल्थ विमान जुन्या पेचोराने पाडलं ते नेमकं कसं

विजापूर रोडला आमच्या गल्लीत एक पोरगा आहे, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, इलेक्ट्रॉनिक्स. त्याने मला लांबलचक मेसेज टाकून विचारलंय की काका, १९९९ ला सर्बियात अमेरिकेचं एफ-११७ स्टेल्थ, म्हणजे रडारला सहज न दिसणारं, विमान रात्री पाडलं, तेही साठच्या दशकातल्या रशियन मिसाईलने, आणि ते मिसाईल म्हणजे तुम्ही हवाई दलात ज्यावर काम केलं तेच पेचोरा, मग हे झालं कसं, नुसतं नशीब होतं का त्यांच्याकडे काही सिक्रेट रडार होतं, आणि आपलं पेचोरा आजची स्टेल्थ विमानं पाडू शकेल का. तिन्ही प्रश्न चांगले आहेत, दोन ओळीत उत्तर देण्यासारखे नाहीत, म्हणून सविस्तर लिहितो. बाकीच्यांनाही वाचता येईल.

आधी माझं मत सांगून टाकतो. ते विमान नशिबाने पडलं नाही आणि सिक्रेट रडारनेही पडलं नाही. एका जुन्या रडारने त्याला धूसर बघितलं, ती धूसर खूण दुसऱ्या रडारच्या हातात वीस सेकंदाच्या आत देण्यात आली, आणि ते देणारे-घेणारे लोक तयारीचे होते. सगळा खेळ त्या हँडओव्हरचा आहे. नेटवर जे व्हिडिओ फिरतात त्यात विमान किती भारी आणि मिसाईल किती जुनं एवढंच चघळत बसतात, केबिनमधल्या माणसांबद्दल कोणी बोलत नाही, आणि मी आयुष्यातली चांगली वर्षं त्याच केबिनमध्ये घालवलीत म्हणून मला हे लिहायचंच आहे. एक गोष्ट पहिलीच स्पष्ट करतो, आपल्या दलाची युनिटं कुठं असतात, काय सेटिंग असतं, यातलं काही मी लिहिणार नाही, कोणी विचारूही नये. जे जगजाहीर आहे त्यावरच बोलू.

घटना थोडक्यात अशी. नाटोने युगोस्लाव्हियावर, सर्बिया तेव्हा त्यातच होता, २४ मार्च १९९९ ला बॉम्बहल्ले सुरू केले, ते १० जूनपर्यंत, म्हणजे ७८ दिवस चालले. चौथ्या रात्री, २७ मार्चला, स्थानिक वेळेप्रमाणे सव्वाआठच्या सुमारास बेलग्रेडच्या पश्चिमेला बुजानोव्त्सी नावाच्या गावाजवळ हे एफ-११७ पडलं. पायलट लेफ्टनंट कर्नल डेल झेल्को, कॉल साईन वेगा ३१. पाडणारं युनिट म्हणजे २५० व्या एअर डिफेन्स मिसाईल ब्रिगेडची तिसरी बटालियन, कमांडर झोल्तान डानी. मिसाईल एस-१२५ नेवा, म्हणजे आपण ज्याला पेचोरा म्हणतो तेच. हे सोव्हिएत सैन्यात १९६१ ला आलं. आणि एफ-११७ पहिल्यांदा उडालं १९८१ ला, १९९१ च्या आखाती युद्धात रात्रीच्या रात्री बगदादवर जाऊन बॉम्ब टाकून आलं आणि एकही विमान गमावलं नव्हतं. त्यामुळे पडल्यावर जगभर बोंब झाली ते साहजिक आहे.

आता रडारकडे येऊ. तू मला तो फोनवरचा ॲप दाखवला होतास ना, होटगी रोडच्या विमानतळावर उतरणारं विमान त्यात दिसतं, नंबर, उंची, वेग सगळं. ते रडार नाही हे डोक्यात पक्कं कर. ते विमान स्वतःच ओरडून सांगत असतं की मी इथं आहे, आणि ॲप ते ऐकतं. युद्धात रात्री बॉम्ब टाकायला निघालेलं विमान सगळं बंद करून जातं, एफ-११७ वर तर स्वतःचं रडारही नव्हतं, कारण रडार लावलं की आपणच सापडतो. म्हणजे त्याला शोधायचं तर आपणच लहर फेकायची आणि त्याच्यावर आपटून परत येईल तेवढ्या जराशा एनर्जीची वाट बघायची. आणि इथंच तुमच्या पुस्तकातलं रडार इक्वेशन लागतं, जे पोरं पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. लहर जाताना पसरते आणि येताना परत पसरते, म्हणून रेंज ही टार्गेटच्या रडार क्रॉस सेक्शनच्या, म्हणजे रडारला ते केवढ्या एरियाचं दिसतं त्याच्या, चौथ्या मुळाच्या प्रमाणात असते. याचा अर्थ काय होतो बघ. टार्गेटचा एरिया १६ पट कमी केला तर रेंज फक्त निम्मी होते. १०,००० पट कमी केला तर रेंज दहावा हिस्सा राहते. समज एखादं साधं फायटर रडारला २०० किलोमीटरवर दिसत होतं, तर ते १०,००० पट लहान केल्यावर २० किलोमीटरवर दिसेल. दिसेल मात्र नक्की. डानी यांनी मुलाखतीत हेच सांगितलं होतं की अदृश्य विमान असं काही नसतं, कमी दिसणारं विमान असतं. माझंही म्हणणं तेच. स्टेल्थने रडार आंधळं होत नाही, त्याचा आवाका आकसतो, आणि आवाका आकसला की दोन रडारच्या मधून गल्ली तयार होते, त्या गल्लीतून विमान निघून जातं. स्टेल्थचा सगळा फायदा त्या गल्लीत आहे.

दुसरा मुद्दा वेव्हलेंथचा, आणि हा लई महत्त्वाचा आहे. एफ-११७ चं ते कोनाकोनाचं अंग सेंटिमीटर वेव्हलेंथच्या रडारना चकवायला बनवलेलं, म्हणजे फायटरच्या नाकातली रडार आणि मिसाईलला टार्गेटवर नेणारी फायर कंट्रोल रडार, जी साधारण ३ सेंटिमीटरवर चालतात. त्यासाठी सपाट पृष्ठभाग तिरके ठेवायचे म्हणजे लहर भलत्याच दिशेला फेकली जाते, आणि वरून शोषून घेणारा लेप. आपल्या सोलापुरात पुण्याच्या आयआयटीएमने पावसाच्या ढगांच्या प्रयोगासाठी रडार लावलं होतं ते तुला आठवत असेल, तेही सेंटिमीटरवालंच, कारण पावसाचे थेंब बघायचे तर वेव्हलेंथ तशी लहानच लागते. याच्या उलट पी-१८ हे सर्बियाचं शोधणारं रडार व्हीएचएफवर चालतं, साधारण १६० मेगाहर्ट्झ. तीनशेला १६० ने भाग, १.८ ते १.९ मीटर येतं. जवळपास दोन मीटरची लहर. आता एफ-११७ च्या शेपटीचे पंख, कडा, कोपरे हे सगळे काही मीटरच्या मापाचे, म्हणजे लहरीच्याच मापाचे. मापं अशी जुळली की ते भाग रेझोनन्सला येतात, आणि मग पृष्ठभाग कुठल्या कोनात कापलाय याला फारशी किंमत राहत नाही. लेपाचंही तेच, काही मिलिमीटरचा लेप ३ सेंटिमीटरच्या लहरीला पुरतो, दोन मीटरच्या लहरीला तो असून नसल्यासारखा. पी-१८ चा अँटेना बघशील तर हसशील, आठ-आठच्या दोन ओळीत सोळा यागी, जुन्या काळी घरावर टीव्हीसाठी जो यागी असायचा त्याच जातीचे. दिसायला कबाड, पण फिजिक्स त्याच्या बाजूने होतं. डानी यांनी आपल्या रडारमध्ये काही बदल केल्याचं सांगितलंय आणि तपशील दिलेला नाही. तो बदल असो नसो, मीटर वेव्ह रडारला एफ-११७ दिसणं हे काही जादूटोण्याचं काम नव्हतं, हे अमेरिकन इंजिनिअरनाही माहीत होतंच. त्यावेळी कोणी चेक बनावटीचं सिक्रेट रडार म्हणून अफवा उठवली, कोणी आणखी काही. तसल्या गोष्टींच्या मागे लागू नको.

मग विचारशील की मीटर वेव्ह रडारला दिसतं तर सगळीच स्टेल्थ विमानं पाडा की. नाही जमत, आणि का नाही जमत ते समजलं की त्या रात्रीची खरी किंमत कळते.

पी-१८ चा बीम रुंद असतो, पाचसहा अंशांच्या वर. समज रडार सिद्धेश्वर तलावाकाठी उभं केलंय आणि विमान नान्नजवर आहे, साधारण २० किलोमीटर. सहा अंशाचा बीम तिथं दोन किलोमीटर रुंद झालेला असतो. म्हणजे रडार तुला सांगतं की नान्नजच्या आसपासच्या दोन किलोमीटर पट्ट्यात काहीतरी आहे. उंची तर सांगतच नाही, हे फक्त दिशा आणि अंतर देणारं रडार. एवढ्या माहितीवर मिसाईल सोडलं तर ते कुठं जाईल? पेचोराच्या मिसाईलला स्वतःचे डोळे नाहीत हे लक्षात घे. टनाच्या आसपास वजन, दोन स्टेजचं, सॉलिड फ्युएलचं, पण नाकात सीकर नाही. खालून फायर कंट्रोल रडार टार्गेटही बघतं आणि मिसाईलही बघतं, मिसाईलच्या मागच्या बाजूला रेडिओ असतो तो उत्तर देत राहतो, आणि खालून कमांड जाते की डावीकडे, वर, खाली. टार्गेटच्या जवळ गेलं की प्रॉक्सिमिटी फ्यूज वॉरहेड फोडतो. म्हणजे त्या सेंटिमीटरवाल्या बारीक बीमच्या रडारला विमान दिसलंच पाहिजे, आणि शेवटपर्यंत दिसत राहिलं पाहिजे, आणि एफ-११७ बनवलंय ते नेमकं याच रडारला न दिसण्यासाठी. पी-१८ सांगणार त्या पट्ट्यात, त्या दिशेला, पण उंची माहीत नाही, अन् तेवढ्यात बारीक बीम फिरवून एक फिकट ठिपका शोधायचा.

आणि शोधायला वेळ किती, तर वीस सेकंद.

वीस सेकंद का ते सांगतो. रात्री ज्वारीच्या रानात तू बॅटरी लावून डुक्कर शोधायला निघालास, तर डुक्कर तुला दिसायच्या आधी बॅटरी सगळ्या शिवाराला दिसते. फायर कंट्रोल रडारचं तसंच. तू ते लावलंस की नाटोच्या विमानांना कळलं, आणि त्यांच्याकडे हार्म नावाचं मिसाईल, जे रडारच्या लहरीवरच चाल करून येतं, आवाजाच्या दुपटीहून जास्त वेगाने. इराकमध्ये १९९१ ला रडारवाल्यांची काय गत झाली ते सर्बियन लोकांनी नीट अभ्यासलं होतं. जो रडार लावून बसला तो मेला. डानींच्या बटालियनचा नियम होता की फायर कंट्रोल रडार फार तर वीस सेकंद लावायचं, टार्गेट सापडलं नाही तर बंद. थोड्या वेळाने अजून एकदा, परत वीस. तेवढ्यात नाही झालं तर सामान गुंडाळायचं आणि जागा सोडायची. फायर केलं तरी जागा सोडायची. पेचोरा गुंडाळायचं म्हणजे काय चेष्टा नाही, लाँचर, अँटेना पोस्ट ज्याला आम्ही यूएनव्ही म्हणतो, कंट्रोल केबिन म्हणजे यूएनके, जनरेटर, आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या मनगटाएवढ्या जाड केबली, थंडीत कडक होतात, चिखलात जड होतात, कनेक्टरमध्ये पाणी गेलं की रात्र गेली. पुस्तकात अडीच तासांचं काम. डानींच्या पोरांनी ते दीड तासावर आणलं होतं. हे वाचल्यावर मी बराच वेळ विचार करत होतो, कारण त्या केबली मी ओढल्यात, दीड तास म्हणजे किती सराव लागला असेल ते मला कळतं. जुन्या मिग-२१ विमानांची काढलेली रडार दुसरीकडे लावून त्यांनी हार्मना भुलवायचं काम केलं असंही तिथल्या लोकांनी सांगितलंय.

आता केबिनमध्ये चल. यूएनके म्हणजे ट्रेलरवरचा लोखंडी डबा, आत गरम, व्हॅक्यूम ट्यूबचा वास, अंधार, हिरवट स्कोप. गायडन्स ऑफिसर बसतो, त्याच्या बाजूला दोन कोन धरणारे दोन ऑपरेटर, हातात चाकं. ऑटोमॅटिक ट्रॅकिंग असतं, पण सिग्नल कमजोर असला, क्लटरमध्ये, म्हणजे जमिनीवरून वगैरे परत येणाऱ्या फालतू एकोंमध्ये, बुडालेला असला की ऑटो पकडत नाही, सोडून देतं, मग हातानेच धरायचा. एक ऑपरेटर एक कोन, दुसरा दुसरा, आणि दोघांचे हात एकाच वेळी त्या ठिपक्यावर राहिले पाहिजेत. ठिपका तरी कसला, गवतासारख्या उभ्या नॉइजमध्ये जरा जास्त जिवंत वाटणारी एक काडी. नव्या पोराला ती दिसतच नाही. वर्षभर बसवल्यावर एखाद्या दिवशी दिसायला लागते, आणि एकदा दिसायला लागली की मग जात नाही. सूर्यलंकेच्या रेंजवर आम्ही प्रत्यक्ष फायरिंगला जायचो तेव्हा मी बघितलंय, पेपरात अव्वल असलेले लोक स्कोपवर चाचपडायचे आणि कधी तोंडातून शब्द न काढणारा एखादा कॉर्पोरल एका झटक्यात टार्गेट धरून बसायचा. ट्यूबवाल्या जुन्या सिस्टीममध्ये माणूस हाच सिग्नल प्रोसेसर असतो. हे वाक्य मी शिकवताना नेहमी सांगायचो आणि आजही सांगेन.

त्या रात्री त्या केबिनमध्ये झालं ते असं. पी-१८ वर खूण दिसली. तिची दिशा बघून फायर कंट्रोल रडार त्या बाजूला वळवलं, लावलं, सापडलं नाही, बंद. परत लावलं, परत नाही, बंद. आणि मग डानींनी स्वतःच घालून दिलेला नियम मोडून तिसऱ्यांदा लावायला सांगितलं. तेव्हा ठिपका धरला गेला, अंतर साधारण १३ किलोमीटर. आपल्याकडचं सांगायचं तर सोलापूरहून अक्कलकोट रस्त्याला कुंभारीच्या जरा पुढं, एवढंच. दोन मिसाईल गेली. पेचोरात टार्गेट एक आणि त्यावर एका वेळी दोन मिसाईल गाईड करता येतात. तेवढं अंतर जायला मिसाईलला पंधरा ते वीस सेकंद, आणि तेवढा वेळ दोन्ही ऑपरेटरनी ती काडी सोडायची नाही.

नंतर तिथल्या लोकांमध्ये श्रेयावरून वाद झाले, कोणी काय केलं, हुकूम कोणी दिला, बटण कोणाचं. मला त्यात कोणाची बाजू घ्यायची नाही. एवढं सांगतो की अशा केबिनमध्ये एकट्याचं श्रेय असूच शकत नाही, एक हात सुटला की संपलं.

काहीजण म्हणतात की बॉम्बचे दरवाजे उघडले म्हणून विमान दिसलं, डानी स्वतः एका मुलाखतीत तसं बोललेत. दरवाजे उघडले की कोन बिघडतात आणि एको मोठा होतो हे खरंच आहे, पण दरवाजे उघडे असतात काही सेकंद. त्या काही सेकंदात बारीक बीम नेमका तिथं रोखलेला नसेल तर दरवाजे उघडे काय आणि बंद काय. बीम तिथं आणून ठेवलाच होता, म्हणून दरवाज्यांचा उपयोग झाला.

आता नशिबाचं. नशीब नव्हतंच असं मी म्हणणार नाही. नाटोने त्या युद्धात सुमारे ३८ हजार उड्डाणं केली आणि शत्रूच्या माऱ्याने माणूस बसलेली त्यांची दोनच विमानं पडली. सर्बियाने मिसाईल भरपूर सोडली, बहुतेक वाया गेली. पण त्या दोनपैकी दुसरं विमान कोणी पाडलं बघ, २ मे १९९९ च्या रात्री पडलेलं एफ-१६, पायलट डेव्हिड गोल्डफाईन, जे पुढे अमेरिकन हवाई दलाचे प्रमुख झाले. ते पाडलं याच बटालियनने. सगळ्या देशात इतकी मिसाईल युनिटं असताना दोन्ही विमानं एकाच युनिटच्या नावावर जातात, तर त्याला नुसतं नशीब म्हणणं मला पटत नाही.

आणि समोरच्या बाजूने मदतही केली. पहिल्या रात्रींमध्ये एफ-११७ त्याच त्या वाटेने आत यायची आणि त्याच वाटेने बाहेर जायची. इटलीतल्या तळावरून विमानं उडाली की तळाबाहेर बघणारे डोळे होतेच, तिथून बेलग्रेडच्या आकाशात यायला किती वेळ लागतो हा शाळकरी हिशोब आहे. त्या रात्री जॅमिंग करणारी, म्हणजे शत्रूची रडार गोंधळवणारी, प्रॉलर विमानंही त्याच्या जवळपास नव्हती. मग डानींना काय माहीत होतं बघ, कोणत्या बाजूने येणार ते, साधारण कधी येणार ते, आणि आज जॅमिंग कमी आहे तेही. बारीक बीमला जे शोधायला अख्खं आकाश होतं ते एवढंसं उरलं. मी वर म्हणालो की हँडओव्हरला वेळ वीस सेकंद. ती वीस सेकंद पुरली ती या माहितीमुळे. विमान बनवणाऱ्यांनी त्यांचं काम चोख केलं होतं, वाट ठरवणाऱ्यांनी रोज एकच वाट दिली, आणि त्याची किंमत एका माणसाने हवेत मोजली.

त्या माणसाबद्दलही लिहायलाच पाहिजे. झेल्को यांनी नंतर सांगितलं की ढगातून वर येणारी दोन्ही मिसाईल त्यांना दिसली, पहिलं इतक्या जवळून गेलं की त्याच्या धक्क्याने विमान हललं, पण फुटलं नाही. मला वाटतं त्यामागे स्टेल्थच असावं, प्रॉक्सिमिटी फ्यूज म्हणजेही एक छोटं रडारच, त्यालाही कमी दिसतं. दुसरं फुटलं. विमान गडगडलं, निगेटिव्ह जी इतका की अंग सीटवरून वर उचललं गेलं आणि इजेक्शनच्या हँडलपर्यंत हात पोचवायलाच झगडावं लागलं. पॅराशूटने ते शेतात उतरले, रस्त्यापासून जवळच एका चरात लपून राहिले, आजूबाजूला शोधणारे सैनिक, पोलीस, गावकरी, आणि पहाटेच्या आधी हेलिकॉप्टरने त्यांना उचललं, साधारण आठ तासांनी. त्या आठ तासांची तयारी त्यांची होती, रेडिओ कमी वापरणं, हालचाल न करणं, घाई न करणं. केबिनमधल्या लोकांचा संयम आणि चरातल्या माणसाचा संयम, मला दोन्हींबद्दल सारखाच आदर वाटतो. २०११ ला झेल्को सर्बियात जाऊन डानींना भेटले. डानी तोवर निवृत्त होऊन आपल्या गावात बेकरी चालवत होते. दोघांची मैत्री झाली, घरच्यांच्या ओळखी झाल्या. विमानाचे तुकडे बेलग्रेडच्या विमान संग्रहालयात ठेवलेत.

हँडओव्हरची गोष्ट मिसाईलपुरतीच आहे असं समजू नकोस म्हणून आपल्या इतिहासातलं एक उदाहरण देतो, कारण आपल्या पोरांना सर्बिया माहीत असतो आणि हे माहीत नसतं. १९६५ च्या युद्धात आपली कॅनबेरा बॉम्बर रोज रात्री पाकिस्तानात खोल जाऊन हल्ले करायची. पाकिस्तानकडे एफ-१०४ स्टारफायटर होती, त्या काळातलं फार वेगवान विमान, नाकात रडार. तरी युद्धभर रात्री त्यांच्या हाती काही लागत नव्हतं, कारण कॅनबेरा खालून जायच्या, जमिनीवरच्या रडारला नीट दिसायच्या नाहीत, आणि दिसल्या तरी फायटरचं रडार खालच्या क्लटरमध्ये त्यांना पकडू शकायचं नाही. दोन रडार होती, पण एकाकडून दुसऱ्याकडे द्यायचं जमत नव्हतं. युद्धबंदीच्या दोनच दिवस आधी, २१ सप्टेंबरला, सरगोध्यावरून परत येणारी आपली एक कॅनबेरा उंचीवर असताना सापडली. उंचीवर गेल्यामुळे जमिनीवरच्या रडारने तिला धरलं, फायटरला मागे आणून लावलं, फायटरच्या रडारला वर मोकळ्या आकाशात ती दिसली, आणि स्क्वाड्रन लीडर जमाल खान यांनी साईडवाइंडर मिसाईलने फाझिल्काजवळ ती पाडली. पायलट फ्लाइट लेफ्टनंट लोव इजेक्ट झाले आणि युद्धकैदी झाले. नेव्हिगेटर फ्लाइंग ऑफिसर कपूर गेले. त्या कॅनबेरात इजेक्शन सीट फक्त पायलटला होती, नेव्हिगेटर नाकात बसायचा आणि त्याला रांगत दारापर्यंत येऊन उडी मारायची होती, गोल फिरत पडणाऱ्या विमानात. ही रचना माहीत असून आपले नेव्हिगेटर रात्रीमागून रात्री त्या नाकात जाऊन बसले. त्यांची नावं सोलापुरातल्या कुठल्या शाळेत मुलांना सांगितली जात असतील असं मला वाटत नाही, सांगायला पाहिजेत.

आता तुझा तिसरा प्रश्न. आपलं पेचोरा आजची स्टेल्थ विमानं पाडेल का. पेचोरा आपल्याकडे अजून कामात आहे, त्याचे जुने ॲनालॉग भाग डिजिटल करायचं काम भारतीय कंपन्यांनी हातात घेतलंय, आणि मे २०२५ च्या ऑपरेशन सिंदूरनंतर सरकारने जे अधिकृत निवेदन दिलं त्यातही हवाई संरक्षणात पेचोराचं नाव होतं. ते वाचून आमच्या जुन्या मंडळींचे फोन वाजत होते, अभिमान वाटणारच. पण प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे द्यायचं तर असं, एफ-११७ ची डिझाईन सत्तरच्या दशकातल्या कॉम्प्युटरवर काढलेली, म्हणून ते सपाट तुकड्यांचं, वक्र पृष्ठभागाचा हिशोब तेव्हा त्यांना जमत नव्हता. आजची विमानं वक्र अंगाची, त्यांना आपल्याभोवती कोणती रडार चालू आहेत ते कळतं, जॅमिंग सोबत असतं, आणि ती एकटी येत नाहीत. ती लांबूनच बॉम्ब किंवा मिसाईल सोडून वळतात, १३ किलोमीटरपर्यंत कशाला येतील? पेचोराची पोच पंचवीसएक किलोमीटर. तेव्हा एकट्या पेचोराच्या भरवशावर आजचं स्टेल्थ विमान पाडायची गोष्ट करू नये. ड्रोन, क्रूझ मिसाईल, खालून येणारी साधी विमानं यांच्यासाठी ते आजही उपयोगाचं आहे, आणि जगात कितीतरी देशांनी ते म्हणूनच सुधारून ठेवलंय.

पण मीटर वेव्ह रडारचा विषय संपलेला नाही, उलट आता परत जोरात आलाय. रशिया, चीन, आपण, सगळे नवीन व्हीएचएफ रडार बनवतायत, आता सोळा यागीच्या जागी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने बीम वळवणारे मोठे अँटेना आहेत, उंचीही सांगतात, आणि अशी तीनचार रडार वेगवेगळ्या जागी ठेवून एकमेकांना जोडली की दोन किलोमीटरचा तो धूसर पट्टा बराच आकसतो. तरी भौतिकशास्त्र बदलत नाही, लांब लहर म्हणजे रुंद बीम, आणि मिसाईलला शेवटी बारीक नजर लागतेच, मग ती जमिनीवरच्या रडारची असो किंवा मिसाईलच्या नाकातल्या सीकरची. म्हणजे आजही प्रश्न हँडओव्हरचाच आहे, फक्त चाक फिरवणाऱ्या हाताच्या जागी डेटा लिंक आणि प्रोसेसर आलाय. तुला या क्षेत्रात यायचं असेल तर काम इथं आहे, ट्रॅक फ्यूजन म्हणजे अनेक रडारची माहिती एकत्र जुळवणं, क्लटरमधून कमजोर सिग्नल काढणं, आणि रडार बंद ठेवूनही टार्गेट शोधणं म्हणजे पॅसिव्ह रडार, ज्यात दुसऱ्याच्या टीव्ही-एफएम ट्रान्समीटरच्या लहरी वापरतात.

सुरुवातीला एक हिशोब करून बघ. वेव्हलेंथ भागिले अँटेनाची रुंदी हा बीमचा साधा हिशोब घे, १६० मेगाहर्ट्झ आणि ९ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही फ्रिक्वेन्सीला, अँटेना सहा मीटर रुंद धर, दोन्हीचा बीम किती अंशाचा येतो ते काढ, आणि मग २० किलोमीटरवर तो बीम किती रुंद होतो तेही काढ. पी-१८ का शोधतं आणि फायर कंट्रोल रडार का मारतं हे त्या दोन आकड्यात तुला दिसेल. झालं की वही घेऊन ये, संध्याकाळी सहानंतर मी घरीच असतो, केबिनचा नकाशा कागदावर काढून दाखवतो.